मण्यापुढे मासा फिका

इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर फेजंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं तांब्याच्या तारेनं गळावर गुंडाळत. तारच धागा, तारच वजन. पाण्याखालच्या किड्याची नक्कल, म्हणजे निंफ, तयार! ट्राउट माशानं कधी तक्रार केली नाही.

आजच्या मासेमारीच्या शौकिनाचं तेवढ्यानं भागत नाही; त्याला वजनासाठी गळावर धातूचा मणी लागतो. पितळ घन सेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, शुद्ध टंगस्टन १९.३, म्हणजे टंगस्टनच हवं. पण मणी २.८ मिलिमीटरचा की ३.३चा? वाकड्या मानेच्या जिग गळासाठी खाचेचा असेलच, पण सोनेरी, काळा की गुलाबी?

वेगवान प्रवाहात जड मणी चटकन तळ गाठतो, हे खरंच. उथळ, संथ पाण्यात तोच दगडांत अडकतो, दोरी तुटते आणि महागडं टंगस्टन नदीला अर्पण होतं.

शौकीन लगेच नवी पुडी मागवतो. या वेळी चंदेरी.