न फिरणाऱ्या चाकांचे मालक

लंडनच्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींत नानांना ओळखत नाही असा माणूस नाही आणि नानांच्या दिवाणखान्यात निर्धास्त बसू शकला असाही नाही. जिथे हात टेकावा तिथे ॲश-ट्रे असतो आणि त्या प्रत्येक ॲश-ट्रेच्या काठावर एक चकचकीत मोटार उभी असते. नाना स्वतः सिगारेट ओढत नाहीत, दुसऱ्याला ओढू देत नाहीत. एका पाहुण्याने त्यात शेंगांची टरफलं टाकली, तेव्हा नानांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पुढच्या शेंगा तो टरफलासकट खाऊ लागला.

खेळण्यातल्या मोटारी जमवणाऱ्यांतही वर्णव्यवस्था आहे. सर्वांत वरचे डबाबंद: मोटार मूळ खोक्यात, खोकं पेटीत आणि पेटीची किल्ली जानव्याला. त्यांच्याखाली पोपडे उडालेल्या, लहानपणी खरोखर खेळलेल्या गाड्या जपणारे भाविक. नाना या दोहोंत बसत नाहीत. ते ‘गिफ्टवेअर’वाले. मोटारीला सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा द्यायचा आणि ती ॲश-ट्रेवर, पेनस्टँडवर, सिगारेटच्या पेटीवर स्क्रूने बसवून टाकायची, हा तो प्रकार. डबाबंद मंडळी म्हणतात, ही गाडीच नव्हे, दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. नाना ऐकून घेतात आणि घरी येऊन आणखी एक पेनस्टँड मांडतात.

“नाना, हे काय?” असं विचारण्याची चूक नवखा माणूस करतो. मग चहा निवेपर्यंत कथा चालते. १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी मिळून लेस्नी कंपनी काढली. “आडनाव एक, नातं शून्य,” इथे नाना थांबतात, आपण हसायचं असतं. एडमंटनमधल्या, बॉम्बने मोडलेल्या एका जुन्या पबमध्ये वितळलेलं जस्ताचं मिश्रण दाबाने पोलादी साच्यात ढकलायचं काम सुरू झालं. जॅक ओडेल येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई, म्हणून त्याने तेवढासा रोडरोलर करून दिला आणि मॅचबॉक्सचा जन्म झाला. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाची छोटी बग्गी दहा लाखांवर खपली. १९५६ पासून जुन्या काळच्या गाड्यांची ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ मालिका निघाली, आणि त्यातल्याच काही गाड्या पुढे मुलामा चढवून ॲश-ट्रेवर जाऊन बसल्या.

“पण कशासाठी?” हा दुसरा प्रश्न. नानांचं उत्तर तयार असतं. ज्या बापाला काय भेट द्यावी हे पोरांना सुचत नाही, त्या बापासाठी! १९११ ची फोर्ड मॉडेल टी घ्या. हेन्री फोर्डने जी गाडी साध्या माणसाला परवडावी म्हणून काढली, तिलाच इथे सोन्याने मढवली. आता ती कुणालाच चालवता येत नाही, पोरालाही नाही. खेळणं म्हणावं तर खेळायचं नाही, ॲश-ट्रे म्हणावा तर राख झाडायची नाही. “दोन्ही कामांतून सुटलेली वस्तू,” नाना म्हणतात. “म्हणजे माझ्यासारखीच, निवृत्त.”

नाना खरे बघावेत ते रविवारी पहाटे, कार बूट सेलच्या मैदानात. अंगात दोन स्वेटर, हातात टॉर्च. समोर चांदीची व्हॉक्सहॉल दिसली तरी ते आधी शेजारच्या फुटक्या किटलीची किंमत विचारतात. किटलीवर यथेच्छ घासाघीस करून, मग जाताजाता विचारल्यासारखं, “आणि ते काय आहे?” वस्तू हातात आली, की नाना मोटारीचं तोंड बघत नाहीत. वांगं निवडणाऱ्या गृहिणीसारखी ती आधी उलटी करतात. बुडाशी ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ आहे ना, स्क्रू मूळचा आहे की कुणी मागाहून पिळलाय, हे बघून झाल्यावरच त्यांचा श्वास सुरू होतो. कधी नुसतीच मुलाम्याची मोटार मिळते, बुडाला स्क्रूची भोकं, खालचा ॲश-ट्रे गायब. “उतरवली हिला,” असं ते एवढ्या हळहळीने म्हणतात, की विकणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याच्या घरात काहीतरी दुःखद घडलं असावं. तो किंमत उतरवतो. नाना अश्रू आवरून पाकीट काढतात.

काकूंचा प्रश्न एकच: “अहो, यातली एक तरी गाडी चालते का?” दुसरा प्रश्न धुळीचा. नाना फडकं लावू देत नाहीत, कारण मुलामा पातळ असतो, चार वेळा घासला की खालचं राखाडी जस्त डोकावतं. देवाच्या भांड्यांसाठी काकूंनी दादरहून आणवलेली पितळेची पावडर म्हणून नानांच्या कुलपात राहते. देव काळे पडले, मोटारी सोनेरी आहेत.

१ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली, तेव्हा डॉक्टरांहून जास्त आनंद नानांना झाला. आता घराघरांतून ॲश-ट्रे बाहेर पडतील, हा त्यांचा हिशेब. लेस्नी कंपनी मात्र हा दिवस बघायला नव्हती. १९८२ मध्येच तिचं दिवाळं निघालं होतं.

माझं मत विचाराल तर नाना मोटारी जमवत नाहीत. कुणीतरी कुणाला तरी प्रेमाने दिलेल्या आणि घेणाऱ्याने माळ्यावर टाकलेल्या भेटी ते सांभाळतात. हे काम कुणीतरी करायलाच हवं, फक्त ते आपल्या घरात नको. तेव्हा विलायतेहून आलेल्या एखाद्या आजोबांच्या सामानात असा ॲश-ट्रे सापडलाच, तर तो घासू नका, स्क्रू काढू नका. आणि नाना घरी आले, तर किटल्या लपवा.