शून्याचा दर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला माणूस पावशेर शेंगा चटणी घेताना चव म्हणून दोनदा तळहात पुढे करतो, दर ऐकून शेजारच्या दुकानाकडे बघतो आणि पाच रुपये कमी झाल्याशिवाय पिशवी उघडत नाही. हाच माणूस रात्री जेवण उरकून मोबाइलवर डीमॅट खाते काढतो, तेव्हा सगळी चिकित्सा खुंटीला टांगलेली असते. स्क्रीनवर दिसते, ‘ब्रोकरेज शून्य’. शून्यात घासाघीस ती काय करणार?

शून्य खोटे नाही. बंगळुरूच्या झिरोधा या ब्रोकरने डिसेंबर 2015 मध्ये शेअर घेऊन खात्यात ठेवण्यावरचे ब्रोकरेज काढून टाकले; मग इतरांनाही दर खाली आणावे लागले. मात्र दहा हजारांच्या खरेदीवर सरकार दहा रुपये एसटीटी (रोखे व्यवहार कर) आणि दीड रुपया मुद्रांक शुल्क घेतेच. विकताना पुन्हा एसटीटी, वर डिपॉझिटरीचे पंधराएक रुपये. वर्षाच्या आत नफा काढला, तर 23 जुलै 2024 पासून त्यावर 20 टक्के कर. चटणीवाल्याने पिशवीचे वेगळे पैसे लावले असते, तर पेठेत केवढा गहजब झाला असता!

पेठेतल्या एका अण्णांनी चहाच्या गाड्यावर पुतण्याला विचारलेच, “सगळं फुकट, तर मग त्यांचं पोट कशावर चालतं बे?”

पुतण्याने उत्तर दिले नाही. तो तेव्हा ऑप्शन घेत होता.

उत्तर तेच होते. शेअर खात्यात ठेवायची डिलिव्हरी मोफत, पण ऑप्शनच्या, म्हणजे भावावरच्या पैजेच्या, प्रत्येक ऑर्डरला साधारण वीस रुपये. म्हणजे शेअर घेऊन दहा वर्षे झोपी जाणाऱ्याचा खर्च दिवसातून दहा वेळा उठबस करणारा भागवतो. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये या उठबशीचा हिशेब मांडला: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या शंभर वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 तोट्यात, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. पुतण्या हे वाचून हळहळला. त्या 93 जणांसाठी.

शेकडा आठ आणे कमिशन घेणाऱ्या जुन्या ब्रोकरचा एक उपकार कोणी कधी मानला नाही. त्याचा फोन लागायचा नाही. लागेपर्यंत निम्मी हुक्की उतरलेली असायची. आता आडवे यायला कोणी उरलेले नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, म्हणून पुतण्या स्वतःच ठरवतो. फक्त आधी टेलिग्रामच्या चार ग्रुपांना विचारतो.

गावातल्या कंपन्या मात्र त्याच्या यादीत नाहीत. कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन 2016 साली बाजारात आली, तीही सोलापूरचीच. रसायने बनवणाऱ्या बालाजी अमाइन्सचा शेअर सप्टेंबर 2021 मध्ये पाच हजारांपलीकडे गेला आणि नंतर निम्म्याहून खाली आला. पुतण्याला दोन्हींचा पत्ता नव्हता.

त्यातल्या एकीचा पत्ता लागला एका लग्नात, बालाजी सरोवर हॉटेलात. दुपारचा मुहूर्त, पंगत बसलेली, बाजारही उघडा. हे हॉटेल बालाजी अमाइन्सचेच, असे शेजारच्या पाहुण्याने सांगितले. पुतण्याने जिलबी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची बोटे रुमालाला पुसली आणि मोबाइल काढला.

“कंपनी काय करते बे?” अण्णांनी विचारले.

“हॉटेल,” पुतण्या म्हणाला आणि दोन शेअर घेतले.