मॅचिंगताई

लग्न ठरलं की घरात दोन माणसांचा भाव एकदम वधारतो. एक आचारी आणि दुसरी मॅचिंगताई. आचाऱ्याला ॲडव्हान्स देऊन बांधून घ्यावं लागतं. मॅचिंगताई आपणहून येते आणि काम संपलं तरी जात नाही. ती नवरीची मावसबहीण असते, चुलतबहीण असते, नाहीतर मोठी वहिनी. पर्समध्ये सेफ्टी पिनांचा गुच्छ, फोनमध्ये अनोळखी जोडप्यांचे शेकडो फोटो. साखरपुड्याचा मुहूर्त गुरुजी काढतात, प्री-वेडिंग शूटचा ही काढते. गुरुजींना निदान पंचांग लागतं.

आमच्याकडची मॅचिंगताई म्हणजे माझी थोरली भाची. यंदा लग्न धाकटीचं.

पूर्वी बस्ता एकदाच बांधायचा. लक्ष्मी रोडच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची मंडळी मांडी ठोकून बसायची, दुकानदार चहा सांगायचा आणि संध्याकाळपर्यंत मानपानाच्या साड्यांसकट सगळं उरकायचं. रुसवेफुगवे त्याच गादीवर व्हायचे, तिथेच मिटायचे. आता खऱ्या बस्त्याच्या आधी हा फोटोंचा बस्ता, आणि तो भरतो व्हॉट्सॲपवर. ग्रुपचं नाव ‘लुक फायनल’. ताई ॲडमिन. नवरी बोलते, विहीणबाई अंगठा दाखवतात, आणि जावईबापू प्रत्येक रंगाला ‘चालेल’ म्हणतात. त्यांना बेज आणि क्रीम यांतला फरक विचारला तर त्यालाही ‘चालेल’ म्हणाले.

आजी जी साडी विटकी म्हणून बोहारणीला देईल, तिच्यापुढे ताई ‘किती सुंदर पेस्टल!’ म्हणून उभी राहते. पण तिला हसण्यावारी नेता येत नाही, कारण ती बोलते ते खरं असतं. जावईबापूंचा बारीक चौकडीचा शर्ट तिने बघताक्षणी बाद केला. व्हिडिओत असला शर्ट मुंग्या लागल्यासारखा वळवळतो, हे तिचं म्हणणं फोटोग्राफरनेही मान्य केलं. पावसाळ्यात ताम्हिणीला हिरवी साडी नेसून गेलं तर फोटोत नुसतं मुंडकं दिसेल, हेही तिचंच. आणि जोडप्याने एकाच रंगात उभं राहायचं नाही. ‘बँडवाले वाटतात मामा.’ एकाचा रंग दुसऱ्याच्या काठात यायला हवा. म्हणून पैठणीच्या काठातली मुनिया, म्हणजे तो छोटा पोपट, ज्या हिरव्यात विणलेला असतो, त्या हिरव्याचं उपरणं शोधायला तिने मला तुळशीबागेपासून कॅम्पापर्यंत हिंडवलं. मुनिया मोबाइलमध्ये, मोबाइल ताईच्या हातात आणि पिशव्या माझ्या.

या उत्साहाचं मूळ तिच्या स्वतःच्या अल्बमात आहे. तिच्या लग्नात शालूचा रंग सासूबाईंनी ठरवला, नवऱ्याचा सूट मोठ्या दिरांनी, आणि दोन्ही एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते बोहल्यावर. राणी रंगाचा शालू, शेजारी चॉकलेटी सूट. तो अल्बम ती कुणाला दाखवत नाही. मागितला तर किल्ली सापडत नाही.

शूटसाठी वाईजवळचा मेणवलीचा घाट ठरला. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, आणि शेजारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा. हा इतिहास मी ताईला हौसेने सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘घंटा कुठल्या रंगाची आहे?’ जावईबापूंना मात्र घंटेशी नाही, ‘स्वदेस’शी मतलब. तो सिनेमा २००४ साली आला आणि इथे त्याचं चित्रीकरण झालं होतं. घाटावर साध्या शर्टात, शाहरुखसारखा एक फोटो, एवढीच त्या बिचाऱ्याची मागणी. ताईने ती शेवटी, ‘उजेड उरला तर’ या अटीवर मंजूर केली.

सकाळचा कोवळा उजेड हवा आणि नऊवारीला वेळ लागतो, म्हणून नवरीला घरूनच नेसवून पहाटे गाडीत घातलं. खोपा चेपू नये म्हणून ती पुण्यापासून वाईपर्यंत पाठ न टेकता बसली होती. गजरा ओल्या फडक्यात, फडकं स्टीलच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर ताई मागून ओरडायची, ‘मामा, डबा!’

नऊवारी झाली, मग गाऊन. गाडीच्या आडोशाला सोलापुरी चादर धरून कपडे बदलायची सोय. गाऊन भाड्याचा आणि अंगाला मोठा, तेव्हा पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावून तो आवळला. समोरून परदेशी सिनेमातली राजकन्या, मागून आमच्या गच्चीवरची दोरी. जावईबापूंच्या भाड्याच्या कोटालाही तसेच चिमटे. त्यामुळे दोघांनी पाठ फिरवायची नाही, अशी सक्त ताकीद.

या गाऊनला मागे भलीमोठी शेपटी असते. फोटोत ती वाऱ्यावर उडताना दिसते. वारा नसतो, मामा असतो. शेपटीचं टोक धरून मी पायऱ्यांवर दबा धरून बसायचं, फोटोग्राफर ‘सर, फेका आणि पळा!’ म्हणाला की ती हवेत भिरकावून चौकटीबाहेर धूम ठोकायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर एवढं पळणं मी पहिल्यांदाच केलं. खालच्या पायरीवर धुणं धूत असलेल्या बाई हात थांबवून बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, ‘एवढा घोळ पिळतं कोण?’ ताईकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. याला नव्हतं. ‘भाड्याचा आहे,’ एवढंच ती पुटपुटली.

शाहरुखपर्यंत उजेड उरला नाही.

हे सगळे फोटो लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर फिरत होते. पडद्याखालीच जेवणाचे काउंटर. पाहुण्यांचं लक्ष मठ्ठ्यावर आणि जिलबीच्या नव्या घाण्यावर. राजकन्या पाचव्यांदा उडून गेली तरी कुणी मान वर केली नाही. मॅचिंगताई तेवढी हातात रिकामं ताट धरून पडद्यासमोर उभी होती. रांगेतल्या एका आजोबांनी तिला ‘पोरी, मठ्ठा संपला का?’ असं विचारलं.

‘आजोबा, जरा बाजूला व्हा,’ ती म्हणाली. ‘उपरणं दिसत नाहीये.’