दोन दिवस, पाच संघ आणि एक म्हैस

तालमीचा सेक्रेटरी फुटबॉलचा संघ निवडत नाही. निवडायला आधी माणसं जास्त असावी लागतात. तो संघ गोळा करतो. शनिवारी पहाटे चहाच्या आधी फोन हातात घ्यायचा आणि एकेकाला उठवायचं. पलीकडून "आलोच की!" असं खणखणीत उत्तर येतं आणि त्यामागून पंख्याचा आवाजही येतो. पंखा ऐकू आला की तो खेळाडू अजून आडवा आहे असं समजायचं आणि पुढचा नंबर लावायचा.

कोल्हापुरात तालमी उभ्या राहिल्या त्या कुस्तीसाठी. आमच्या तालमीत आजही लाल मातीचा हौदा आहे, कोनाड्यात मारुती आहे आणि मारुतीच्या पायाशी गोलपोस्टची जाळी, कोपऱ्यांवरचे झेंडे, हवा गेलेले चार बॉल आणि सुई हरवलेला पंप आहे. देवानं आजवर तक्रार केलेली नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, त्या काळातल्या वस्तादांचा मला फार हेवा वाटतो. कुस्तीला एकच पैलवान न्यायचा असे, आणि तोही तालमीतच झोपलेला असे. आम्हाला अकरा लागतात आणि अकराही जण वेगवेगळ्या गल्ल्यांत झोपतात.

त्यात आमचे संघ पाच. अ संघ, ब संघ, बारा वर्षांखालची पोरं, मुलींचा संघ आणि चाळिशीवरच्यांचा संघ. संघ पाच असले तरी जर्सीचे संच दोनच आहेत. एक यंदाचा, ज्याच्या छातीवर सिमेंटच्या दुकानाचं नाव आहे, आणि एक जुना, ज्याच्या छातीवरचं नाव धुण्यात गेलं आणि दुकानही बंद पडलं. दहा नंबरच्या जर्सीवरून पूर्वी भांडणं व्हायची. वर्ल्डकप आला की आमची निम्मी पेठ ब्राझीलची असते आणि निम्मी अर्जेंटिनाची, पण नेमारही दहा आणि मेस्सीही दहा, त्यामुळे या एका मुद्द्यावर दोन्ही बाजू हटायला तयार नसत. शेवटी दोन्ही संचांतले दहा नंबर मी माझ्या कपाटात कुलपात ठेवले. आमच्या संघात नऊनंतर एकदम अकरा येतो. समोरच्या संघाला वाटतं, यांचा हुकमी खेळाडू अजून यायचाय.

शनिवारी सकाळी पोरांचा सामना गांधी मैदानावर. जर्सी मोठ्यांचीच, त्यामुळे ती गुडघ्यापर्यंत येते आणि खाली चड्डी घातली आहे की नाही हे पंचांना विश्वासानं मान्य करावं लागतं. पोरं वेळेवर येतात, कारण त्यांना आणायला आया असतात. त्रास पोरांचा नसतोच, कडेला उभ्या राहिलेल्या पालकांचा असतो. २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला आणि भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. अख्ख्या गावाची छाती फुगली, ते योग्यच होतं. पण तेव्हापासून प्रत्येक बापाला आपला पोरगा फक्त सेक्रेटरीमुळे अडलाय असं वाटायला लागलं. "काका, ह्याला सेंटरला खेळवा. बॅकला ठेवून त्याचं करिअर मारू नका," असं मला एकानं सांगितलं. करिअर असलेला पोरगा तेव्हा बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून रडत होता.

प्रशिक्षकांनी पोरांना एकच गोष्ट बजावली होती, की सगळ्यांनी मिळून बॉलच्या मागं पळायचं नाही, आपापली जागा धरायची. शिट्टी वाजली आणि दहा पोरं बॉलच्या मागं पळाली. अकरावा उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. गोल झाला, तो हलला नाही. बॉल त्याच्या शेजारून गेला, त्यानं मान वळवून आदरानं पाहिला. मध्यांतर झालं, सगळे केळी खायला आले, हा तिथंच. आई केळं घेऊन गेली तर म्हणाला, "सरांनी जागा सोडू नको म्हटलंय." आम्ही तीन-शून्यनं हरलो, पण मला विचाराल तर त्या दिवशी पाचही संघांत मिळून शिस्तीचा खेळाडू तो एकच होता.

दुपारी ब संघ. ब संघाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वर्तमानपत्रवाले सांगत नाहीत. एके काळी अ संघात होते ते आणि पुढं अ संघात जाणार आहेत ते, अशा दोन प्रकारच्या खेळाडूंचा ब संघ बनतो. तिसरा प्रकारही असतो. त्याच्या वडिलांनी वर्गणी भरघोस दिलेली असते. फुटबॉलच्या नियमात, एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. जगात हा नियम अडचणीसाठी आहे. ब संघ त्याच्याकडे सवलत म्हणून बघतो. सात जमले की पंचांना हात करायचा, उरलेले येतील तसे येतात. एक जण पहिल्या पंधरा मिनिटांत आला, दुसरा हळदीच्या कार्यक्रमातून पिवळ्या गालांनी थेट मैदानात उतरला, आणि पंचांना वाटलं आपण त्याला कार्ड दाखवून झालं आहे.

या संघाचा गोलकीपर हा आमचा खरा हिरा. शरीरानं आडवा, नजर तयार, बॉलवर झडप अशी की गॅलरी उठून उभी राहते. पण त्याची म्हैस आहे. गंगावेशीत दूध कट्टा आहे, तिथं म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून पेला हातात देतात. फेसाळलेलं, गरम, पाण्याचा थेंब नाही. पैलवानांपासून पेन्शनरांपर्यंत लोक रांगेनं उभे असतात. आमच्या गोलकीपरची म्हैस संध्याकाळी तिथं उभी असते आणि ती त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. भावानं प्रयत्न केला होता, भावाच्या गुडघ्यावर अजून खूण आहे.

सामना चारला. पंचेचाळीस मिनिटं, मध्ये विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस. म्हणजे काही झालं तरी पावणेसहा. कट्ट्यावर सहाला गिऱ्हाईक पेले घेऊन उभं राहतं आणि तपोवन मैदानापासून गंगावेश म्हणजे गाव आडवं कापून जायचं. गोलकीपरनं सामन्याआधी संघाला जवळ बोलावलं. कप्तान एरवी जे बोलतो ते, जिद्द, पेठेचं नाव, वगैरे, यातलं तो काही बोलला नाही. "हे बघा, जिका न्हाईतर हरा. माझं काय म्हणणं न्हाई. पर बरोबरी करू नका."

संघानं बरोबरी केली.

एक-एक. तीही शेवटच्या मिनिटाला, आमच्याच खेळाडूनं गोल करून. मैदानावर ढीग पडला, सगळे त्या पोराच्या अंगावर. लांब दुसऱ्या टोकाला गोलकीपर दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसला होता. समोरच्या संघाच्या समर्थकांना वाटलं, हा भावनेनं कोसळला. बाद फेरीचा सामना, म्हणजे टायब्रेकर आलाच. तेवढ्यात सीमारेषेजवळ मोटरसायकल येऊन थांबली. त्यावर भाऊ होता. भाऊ हातवारे करून सांगत होता की म्हैस कट्ट्यावर पोचली आहे आणि ओरडते आहे.

टायब्रेकर हा मनाच्या शांतीचा खेळ आहे असं म्हणतात. अकरा मीटरवर बॉल, मागं गोलकीपर, सव्वासात मीटरहून जास्त रुंद गोल. त्यात गोलकीपरनं वेळ काढायचा असतो. हातमोजे नीट करायचे, जाळीकडे बघायचं, मारणाऱ्याला विचारात पाडायचं. आमचा गोलकीपर मारणाऱ्यालाच ओरडत होता, "मार की लवकर! मुहूर्त बघतोयस काय?" समोरचा पोरगा बिचारा गोंधळला. शत्रूला आपल्या किकची एवढी घाई का, हे त्याच्या लक्षात येईना. त्यानं थेट हातात मारला. दुसऱ्यानं घाईनं बाहेर घातला. तिसऱ्याच्या वेळी गोलकीपर पंचांना म्हणाला, "साहेब, शिट्टी फुका की, म्हस खोळंबलीय." पंचही कोल्हापूरचेच. त्यांना कारण पटलं, शिट्टी ताबडतोब वाजली आणि तोही अडवला गेला. आमच्या तिघांनी आपापल्या किक जाळ्यात घातल्या आणि पुढचं मारायची गरजच उरली नाही. आम्ही जिंकलो. गोलकीपरला खांद्यावर घ्यायला पोरं धावली तेव्हा तो मोटरसायकलवर मागं बसून, हातमोज्यांसकट, निघून गेला होता. नंतर कळलं की कट्ट्यावर गिऱ्हाइकांनी त्याला तसल्याच अवतारात बघून टाळ्या वाजवल्या. म्हशीला मात्र हातमोजे पसंत पडले नाहीत.

त्या रात्री जर्स्या धुण्याचं काम माझ्या घरी. सकाळी पोरांची माती, दुपारी ब संघाचा घाम आणि एकीवर हळद. बायकोनं हळदीची जर्सी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि विचारलं, "लग्न कुणाचं?" मी म्हटलं, त्याच्या मावसभावाचं. ती म्हणाली, "मग मावशीकडं धुवायला पाठवा." कपडे वाळत घालताना ती नंबर क्रमानं लावते. नऊच्या शेजारी अकरा आला की दर वेळी विचारते, "एक हरवली का हो?"

रविवारी सकाळी चाळिशीवरच्यांचा सामना. यावर फार बोलण्यासारखं नाही. पंचवीस मिनिटांचा अर्धा भाग दोन्ही कप्तानांनी संगनमतानं वीस मिनिटांचा केला. बाकी संघांत आत जायला बदली खेळाडू धडपडतात, इथं बाहेर यायला रांग लागते. सामना गोलशून्य सुटला आणि मंडळी दुप्पट वेगानं मिसळीला गेली. तिथं मात्र एकही दमलेला दिसला नाही. कट दोनदा मागून झाला.

मुलींचा संघ त्याच मैदानावर नंतर उतरला. पंधराच्या पंधरा हजर, नडगीला पॅड बांधलेले, स्वतःचा बॉल, स्वतःचा पंप, पंपाला सुई. मी फोन लावायला गेलो तर कप्तानच मला म्हणाली, "काका, तुम्ही उशीर केला." चार-शून्य जिंकल्या, जर्स्या घडी घालून मोजून दिल्या आणि क्लासला गेल्या. सेक्रेटरीला त्यांच्यात काही कामच नाही. मी दहा मिनिटं नुसताच उभा होतो आणि मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं.

मग दुपारी शाहू स्टेडियमवर अ संघ. इथं मात्र सगळं खरं असतं. पोलीस असतात, गॅलरी भरलेली असते, हलगी असते, आणि पेठेतले झाडून सगळे असतात. जो माणूस आठवडाभर शेजाऱ्याशी पाण्यावरून बोलत नाही, तो त्याच शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून पंचांच्या घराण्याचा उद्धार करत असतो. ऑफसाइड हा गॅलरीचा आवडता विषय. बॉल पुढं दिला जातो तेव्हा खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा यांच्यामध्ये समोरचे तीन जण हवेत, हा जुना नियम; १९२५ साली त्याचे दोन केले. आमच्या गॅलरीत ती बातमी अजून पोचायची आहे. आपला खेळाडू असेल तर एक पुरतो, समोरचा असेल तर पाच पाहिजेत.

कोल्हापूरच्या बऱ्याच संघांप्रमाणे आमच्याकडेही नायजेरियाचा एक फॉरवर्ड आहे. तालमीतल्या एका काकूंकडे जेवायला असतो. पहिल्या दिवशी काकूंनी त्याला तांबडा रस्सा वाढला आणि अख्खी गल्ली दारात उभी राहिली, पाहुणा आता पाणी मागणार म्हणून. त्यानं वाटी संपवली, आणखी एक संपवली आणि विनयानं विचारलं की थोडी मिरची मिळेल का. सामना हरलो तर पेठ दोन दिवसांत विसरते. ही गोष्ट ती अजून विसरलेली नाही. काकूंनी मसाल्याचं प्रमाण बदललंय आणि आता त्यांच्या घरचेच लोक पाणी मागतात.

अ संघ एक-शून्यनं हरला. फॉरवर्डचे दोन फटके खांबाला लागले, समोरच्यांचा एक लागला आणि आत गेला. तो ऑफसाइड होता की नव्हता यावर तालमीच्या कट्ट्यावर रात्री दहापर्यंत चर्चा झाली. चाळिशीवरचे तिथं सगळ्यांत जोरात बोलत होते. सकाळी बाहेर यायची रांग लावलेली मंडळी आता सांगत होती की आमच्या वेळी नव्वद मिनिटं पळायचो.

तेवढ्यात गोलकीपर आला. धार काढून, आंघोळ करून, केसाला तेल लावून. त्यानं विचारलं, "पुढच्या फेरीचा सामना कधी हाय?" मी कागद पाहिला. शनिवार, चार वाजता. त्यानं कागदाकडं आणि मग माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच पेन काढलं. संयोजकांना अर्ज करायचा, आमचा सामना दोनचा द्यावा. पण कारण काय लिहायचं? एक जण म्हणाला, खेळाडूची प्रकृती. दुसरा म्हणाला, परीक्षा लिहा, परीक्षेला कोण नाही म्हणत नाही. गोलकीपरला दोन्ही पटेनात, त्याला खोटं लिहिलेलं चालत नाही. "म्हस लिहा," म्हणाला. मी सांगितलं, अहो, स्पर्धेच्या कागदावर म्हैस बरी दिसत नाही.

शेवटी तालमीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अण्णांनी तोडगा काढला. "‘अपरिहार्य कौटुंबिक कारणामुळे’ असं लिही. रेशनकार्डावर नाव नसंल तिचं, पर घर तिच्यावरच चाललंय न्हवं?" गोलकीपरनं अर्ज नीट वाचला, मान डोलावली आणि सही करताना विचारलं, "टायब्रेकरचा टाइम धरलाय न्हवं?"