गाय वगळून

उजनी धरणाच्या काठच्या गावांत दुधाची ओळख आधी आकड्यानं होते, मग चवीनं. केत्तूर असो, वाशिंबे असो, नाहीतर खाली टेंभुर्णीकडचं एखादं गाव. सकाळी संकलन केंद्रावर किटली रिकामी होते, यंत्रावर दोन आकडे उमटतात, चिठ्ठी बाहेर येते आणि ती वाचत वाचत माणूस घरी निघतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग. दर यावर ठरतो आणि घरातला दिवसभराचा मूडही यावरच. नव्या सुनेचं नाव विचारण्याआधी ‘फॅट किती लागते?’ असं विचारणारी माणसं इथं भेटतात. अर्थात सुनेबद्दल नव्हे, तिच्या माहेरच्या म्हशीबद्दल.

अशा गावात माझ्या आत्याच्या हातात एक पाकीट पडलं. आतेभाऊ एरवी धरणात चिलापी धरतो आणि हिवाळ्यात, रोहित पक्षी उतरले की, पुण्या-मुंबईच्या पक्षीवाल्यांना होडीतून फिरवतो. ही मंडळी गळ्यात तोफेएवढे कॅमेरे अडकवून पहाटे चारला येतात आणि जाताना काही ना काही विसरतात. यंदा चहा-कॉफी पांढरी करायची पावडर विसरली. बिनदुधाची. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ मिळून तीन गायींची धार निघते, तिथं बिनदुधाचं दूध चालत आलं.

आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. पण आकडे ती कुठल्याही भाषेतले वाचते. पाकिटाच्या पाठीवरच्या तक्त्यावर तिचं बोट थांबलं.

“तेहतीस फॅट! कुठल्या म्हशीचं हाय रं हे?”

“म्हशीचं न्हाय म्हणून तर लिवलंय त्यावर,” मामा म्हणाले. मामांना इंग्रजी येतं, निदान आत्यासमोर तरी येतं.

मग तक्ता वाचायचं काम माझ्याकडे आलं. १०० ग्रॅमला फॅट ३३ ग्रॅम, कर्बोदकं ६० ग्रॅम, प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम, ऊर्जा सुमारे ५४५ किलोकॅलरी. अशा पावडरींचे आकडे थोड्याफार फरकानं असेच असतात. आता १०० ग्रॅम पावडर कुणी बसून खात नाही. कपात दोन चमचे म्हणजे पाचेक ग्रॅम जाते, तिच्या साधारण २७ किलोकॅलरी होतात. तेवढ्याच कपात ५० मिलिलिटर गायीचं दूध घातलं तर ३३ च्या आसपास. उष्मांकांचा हिशेब म्हणाल तर दोघी जावा एकाच घरच्या. फरक पुढं आहे. त्या दुधातून दीड ग्रॅम प्रथिनं आणि ६० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. म्हशीचं असेल तर कॅल्शियम आणखी जास्त. पावडरीतून प्रथिनं दशांश ग्रॅम आणि कॅल्शियम नावाला.

मग पावडरीत असतं तरी काय? घटकांची यादी मी मराठीत सांगत गेलो आणि आत्याचा चेहरा पालटत गेला. पहिलं, ग्लुकोज सिरपची भुकटी. ती बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चपासून करतात.

“मका?” आत्या म्हणाली. “म्हंजे आपल्या मुरघासातला?”

दुसरं, वनस्पती तेल. खोबरेल नाहीतर पाम फळाच्या बीचं तेल, हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं. आता सरकीतून तेल काढल्यावर उरते ती पेंड आत्याच्या गायींना रोजच असते. नारळाचीही पेंड असते, पाम बियांचीही असते. म्हणजे इकडे गव्हाणीत मका आणि पेंड, तिकडे पाकिटात मका आणि तेल. सामान एकाच वाणसौद्याचं. आपण ते गायीपुढं टाकतो, ती रवंथ करते, शेण टाकते, शेपटी मारते, मधेच आटते, आणि चोवीस तासांनी त्याचं दूध देते. कारखान्यानं विचार केला, एवढी भानगड कशाला? मधली गाय वगळा. शेतमालाच्या बाजारातले दलाल हटवा, असं आपण इतकी वर्षं ओरडतोय. ते कुणीतरी खरंच मनावर घेतलं, पण हटवली कोण तर गाय.

हे काही परवाचं नाही. अमेरिकेत कार्नेशन कंपनीनं १९६१ साली ‘कॉफी-मेट’ बाजारात आणलं. तेव्हा इकडे भीमा मोकळी वाहत होती, पळसदेवचं देऊळ कोरड्या जमिनीवर उभं होतं, आणि आत्याच्या सासरचं जुनं गावही. धरण १९८० साली पुरं झालं. गावं वर सरकली, ऊस आला, उसापाठोपाठ कारखाने आणि हिरवा चारा, चाऱ्यापाठोपाठ संकरित गायी. आज काठाकाठानं दुधाचे टेम्पो धावतात ते त्या पाण्यावर.

तरी गाय पुरती वगळता आली नाही, ही मला सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. तेल आणि पाणी कारखान्यातही एकत्र नांदत नाहीत. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करायचे, प्रत्येकाभोवती प्रथिनाचं अस्तर घालायचं, म्हणजे ते पाण्यात तरंगत राहतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो आणि चहा पांढरा दिसतो. दूध पांढरं दिसायचं कारणही तेच. हे अस्तर म्हणून बहुतेक पावडरींत सोडियम केसिनेट असतं, आणि केसिन येतं दुधातूनच. पुढच्या दारानं हाकललेली गाय मागच्या दारानं आत घ्यावी लागली. म्हणून दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या माणसानं ‘बिनदुधाचं’ या शब्दावर विसंबून राहू नये. बारीक अक्षरांतली यादी वाचावी. बाकी यादीत पोटॅशियमचा एक फॉस्फेट असतो, गरम आंबट कॉफीत पावडर फुटू नये म्हणून. आणि वाळूच्या भाऊबंदांतलं सिलिकॉन डायऑक्साइड, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. वाळू ऐकताच मामांचे कान टवकारले. भीमेकाठी वाळूला वेगळा भाव आहे.

“आणि हे शून्य कशाचं?” आत्यानं बोट खाली सरकवलं.

ते ट्रान्स फॅटचं होतं. तेल अर्धवट हायड्रोजनवून घट्ट केलं की हे उपजतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना बाधतं. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत, वनस्पती तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत त्याची मर्यादा एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्के केली आहे. पण शून्याचीही एक कथा आहे. अमेरिकेत एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर पाकिटावर शून्य छापता येतं, आणि पावडरीची वाढणी धरतात एक चमचा, म्हणजे दोन ग्रॅम. एवढ्याशा चमच्यात अर्धा ग्रॅम भरणार कशानं? हे शहरातल्या माणसाला समजावायला वेळ लागतो. आत्याला लागला नाही. उजनी बहुतेक उन्हाळ्यांत ‘मायनस’मध्ये जाते, पेपरात उणे तीस, उणे चाळीस टक्के छापून येतं, आणि तरी मोटारी पाणी ओढतच असतात. साधारण ११७ टीएमसीच्या धरणात जवळपास ६३ टीएमसी साठा शून्याच्या खालचा आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, असं या काठावर शेंबडं पोरही मानत नाही.

मामांनी पावडरीची बाजू घेतली, आणि ती अगदीच लंगडी नव्हती. दूध न पचणारी माणसं पुष्कळ असतात. त्यातल्या साखरेनं, लॅक्टोजनं, त्यांचं पोट गुबारतं. या पावडरीत लॅक्टोज जवळजवळ नसतं. एप्रिलच्या उन्हात हायवेवरच्या टपरीत दूध दुपारपर्यंत टिकवणं म्हणजे शिक्षाच. पावडर डब्यात महिनोन् महिने निमूट बसते. होडीत पहाटे दूध कोण तापवणार? रेल्वेत, वसतिगृहात, रात्रपाळीत तिचा उपयोग आहे. माझं म्हणणं इतकंच की चहा पांढरा करायला ती खुशाल घ्या, पोराला पाण्यात कालवून दूध म्हणून देऊ नका. अंगी लागण्यासारखं तिच्यात फारसं नाही, उष्मांक सोडले तर.

खरं बिनदुधाचं दूध पाहायचं असेल तर पाकिटापेक्षा होडीतून दिसणारे रोहितच बघावेत. नर आणि मादी दोघंही पिलासाठी आपल्या पचनमार्गाच्या वरच्या भागात एक दाट द्रव तयार करतात आणि चोचीतून भरवतात. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश भरपूर, आणि रंग लाल. पिलं इथं नसतात. वीण तिकडे कच्छच्या रणात होते. नाहीतर आमच्या लोकांनी त्याचीही फॅट लावून बघितली असती.

आत्या एवढा वेळ गप्प होती, म्हणजे हिशेब करत होती.

“तेहतीसची साडेतीन करायची तर किलोला साडेनऊ लिटर हुतंय की!”

“अगं हळू बोल,” मामा दाराकडे बघत म्हणाले. “डेअरीवालं पोरगं बाहेर उभं हाय.”

तसे उद्योग करणारे कुठं ना कुठं सापडतात आणि अन्न व औषध प्रशासनाच्या गाड्याही त्यांच्यामागं फिरतात. प्रयोगशाळेत ते लपतही नाही: दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असतं, तूप कढवताना येणाऱ्या वासात त्याचा वाटा आहे, आणि पाम तेलात ते औषधालाही सापडत नाही. पण आत्याला प्रयोगशाळेपर्यंत जायची गरज पडली नाही. तिनं चिठ्ठीवरचा दुसरा आकडा धरला. पावडरीत फॅट आणि ओलावा सोडून उरतं ते किलोत ६४० ग्रॅम. ते साडेनऊ लिटरांत वाटायचं. मी मोबाइल काढेपर्यंत तिचं झालं होतं.

“साडेसहा-पावणेसात,” ती म्हणाली. “एसएनएफ लागत न्हाय. केंद्रावरनं माघारी येतंय ह्ये.”

आणि पाकीट आतेभावाच्या होडीच्या सामानात परत टाकून ती धारेला उठली, कारण पाच वाजत आले होते आणि टेम्पो कुणासाठी थांबत नाही.