एकविसावा नट

चिरनेरमध्ये नानांचं घर कुठं असं कुणी विचारलं, तर कुंभारवाड्याच्या पुढे जिकडून थिनरचा वास येईल तिकडे वळा, असं आम्ही सांगतो. पावसात वास दबतो. तेव्हा कानांवर भिस्त ठेवावी. लोखंडी डब्यात कुणी खुळखुळा वाजवत असेल, तर ते नाना आणि त्यांच्या मांडीवरची टाकी.

नातवंडांनाही इतकी मांडी मिळाली नाही, असं नानींचं म्हणणं आहे. टाकी येझदीची. गाडी १९७४ सालची, म्हणजे जावाचं नाव उतरून येझदीचं चढलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची. नाना म्हैसूरला कधी गेलेले नाहीत, पण इराणी मंडळींचा तिथला आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली कसा उभा राहिला हे वारकऱ्याने पंढरपूर सांगावं तसं सांगतात. १९९६ साली तो बंद पडला, हे वाक्य उच्चारताना आवाज खाली आणतात. घरात कुणी गेलं तेव्हा एवढा आणला नव्हता.

ही गाडी त्यांनी उरणच्या एका मिठागराच्या मुकादमाकडून घेतली. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधीच ती कैरीसारखी मिठात मुरलेली होती. तरीही नाना तिला बाहेरून काही करू देत नाहीत. टाकीवर डाव्या अंगाला एक पोचा आहे, तो काढू का म्हणून पनवेलच्या पेंटरने विचारलं तर म्हणाले, "लोखंडावरची खूण पुसायची नसते. महागणपतीच्या देवळात जाऊन बघून ये." आमच्या देवळात १९३० सालच्या गोळीबाराची खूण अजून दाखवतात. तो पोचा मात्र १९९१ साली म्हशीने दिलेला आहे.

अशी माणसं गावोगाव असतात. कुणाचा वॉल्व्हचा रेडिओ असतो, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाचा शेतातला डिझेल पंप. वस्तू चालू नसते आणि बंदही नसते. ती 'कामाला काढलेली' असते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी द्यायचा नियम केला, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. नव्या नोंदणीची फी वीस हजार ऐकून नानांनी विषय तिथंच सोडला, पण नियमाचं कात्रण खिशात ठेवलं. अशी गाडी रोजच्या वापराला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, असं त्यात आहे. नानांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "मास्तर, मी दुसरं काय करतो?"

खरंच, दुसरं काही करत नाहीत. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याचं आमच्याकडचं टोक इथून जवळच चिर्ल्याला उतरतं. त्यावर दुचाकीला मनाई आहे हे कळल्यावर नानांनी चार दिवस पेपर हातात धरला नाही. येझदी शिवडीपर्यंत पोचली असती का, हा प्रश्न विचारण्याची आमची कुणाची छाती झाली नाही.

यंदा श्रावणात गाडी दिघोड्याच्या रस्त्यावर थांबली. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर जात होते आणि मधे नाना उकिडवे बसून पेट्रोलच्या नळीत फुंकर मारत होते. कॉक उघडला. त्याच्या जाळीत मधाच्या रंगाचे पापुद्रे अडकले होते, कांद्याच्या सालीसारखे पातळ आणि कडांना गुंडाळलेले. नानांनी एक बोटावर घेतला, उजेडात धरला आणि निकाल दिला. "सरकारनं पेट्रोलमदी ऊस घातला. ऊस माझं लायनर खातो."

लायनर म्हणजे टाकीला आतून दिलेलं अस्तर. टाकी आतून गंजली, बारीक भोकं पडायला लागली, की दोन डबे आणायचे, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. मिसळून टाकीत ओतायचं, टाकी सगळ्या अंगांवर फिरवायची आणि वाळू द्यायची. आतून काचेसारखा थर बसतो. ज्यांच्या घरी कल्हईवाला यायचा त्यांना जास्त सांगायला नको. फरक एवढाच, की कल्हईवाला आधी पातेलं घासून, तापवून, नवसागर मारून मग कथील लावायचा. नानांनी सात वर्षांपूर्वी हे अस्तर लावलं ते आषाढात. टाकी आतून ओली, गंज जागच्या जागी, आणि दोन डब्यांचं प्रमाण नानींच्या डावाने मोजलेलं. डब्यावर सूचना होत्या. सूचना घाबरट माणसांसाठी असतात, असं नाना तेव्हा म्हणाले होते. मी साक्षीदार आहे.

नानांची खरी पंचाईत ही की ते नेहमी अर्धे बरोबर असतात. सपशेल चुकणाऱ्या माणसाला गाव सुधारतं, अर्ध्या बरोबर माणसापुढे गावाचं काही चालत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसापासून होतं, हे खरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि काही जुनी अस्तरं मऊ करतं, हेही खरं. उरण तालुक्याच्या हवेत ओढायला पाणी किती आहे ते सांगायला नकोच. पण अस्तर सुटायचं होतं ते पहिल्या दिवसापासून. कुंभारवाड्यातल्या काकूंनी तो पापुद्रा हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूचा तांबडा गंज नखाने खरवडून दाखवला. "नाना, ओल्या मडक्यावर रंग मारला तुमी. त्यो भांड्याला नाय, ओलीला चिकटला." नाना म्हणाले, मडक्यात पेट्रोल नसतं. वाद तिथे संपला.

आता सुटलेलं अस्तर पुरतं काढणं आलं. थोडं सुटलेलं आणि थोडं चिकटलेलं अस्तर सगळ्यात वाईट, कारण ते रोज चिमूटभर कार्ब्युरेटरकडे येत राहतं. शिवाय येझदीची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी. मधून गाडीचा कणा जातो, त्याच्या दोन्ही अंगांना दोन पोटं लोंबतात. वर झाकणाचं भोक एकच, आणि त्यातून ना हात जातो ना नजर. अस्तर ओतलं तेव्हा ते ओघळून या दोन पोटांच्या तळाशी साचलं होतं. तिथे ते पापुद्रा नव्हतं, डांबर होतं.

नानांचा एक भाचा कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याने वायरच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा आणून मोबाइलला जोडला. नाना, मी, भाचा आणि दोन शेजारी टाकीच्या पोटात डोकावून बघत बसलो. पडद्यावर गंजाचे नारिंगी डाग, मधेच फुगून आलेलं अस्तर, भाकरीला फुगे येतात तसं. नानी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघितलं, कप ठेवले. "माझ्या पोटाची सोनोग्राफी करायला पनवेलला न्यायला तीन महिने झाले, यांना वेळ नाय." कुणीच काही बोललं नाही. भाच्याने कॅमेरा हळूच दुसऱ्या पोटाकडे वळवला.

मग पेंट रिमूव्हर आला. कॉकच्या भोकाला रबरी बूच, वरून लिटरभर रिमूव्हर, झाकण लावायचं आणि दर दहा मिनिटांनी टाकीची कूस बदलायची. हे उघड्यावर करावं, वाफ छातीत घेऊ नये, हाताला लागू देऊ नये, असं डब्यावर लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं. पाऊस होता म्हणून नानांनी ते पडवीत केलं. हाताला लागलं, तेव्हा नाना कधी नव्हे ते धावले आणि पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले. त्यानंतर दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या आणि मनगटाला रबर. एक ओघळ टाकीच्या बाहेरून उतरला आणि त्या वाटेवरचा पन्नास वर्षांचा मरून रंग सायीसारखा गोळा झाला. नानांनी त्याकडे टक लावून बघितलं. मग म्हणाले, "खूण."

पण गंमत खरंच होती. तासाभरात टाकी उपडी केली तर आतून अस्तर आलं ते पेजेवरच्या सायीसारखं, थरच्या थर, सुरकुतलेलं. नानांचा चेहरा असा खुलला की सात वर्षांपूर्वी ते कुणी लावलं होतं हे आम्हीही विसरलो. तळाचं डांबर मात्र चार दिवस पुरलं. रिमूव्हर ओतायचं, मऊ झालं की सायकलचा स्पोक वाकवून भोकातून घालायचा आणि अंदाजाने खरवडायचं. स्पोक कुठे लागतो ते नाना डोळे मिटून आवाजावरून ओळखत. लोखंडाला लागला की टिणऽऽ, अस्तराला लागला की थप्प. काकू मडकं वाजवून बघतात, तसंच.

उरलेला गंज आणि खपल्या निघाव्यात म्हणून टाकीत नट घालून हलवायचे असतात. महागणपतीच्या गावात नट एकवीसच घेतले गेले. नटांना ग्रीस होतं, म्हणून नानांनी ते नानींच्या बरणीतल्या चिंचेच्या कोळात बुडवून लख्ख केले आणि उरलेला गोळा नानी बाहेर असताना गुपचूप बरणीत परत टाकला. मी तेव्हा शाळेत होतो, हे नंतर कळलं.

दोन दिवस हलवून नानांचे खांदे गेले. तेव्हा पलीकडच्या प्लॉटवर बंगल्याचं काम चालू होतं, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत टाकी गोधडीत गुंडाळून सिमेंटच्या मिक्सरमध्ये घातली. पाऊण तास ती आत कोलांट्या खात होती आणि नाना बाहेर हात जोडून उभे. गोधडी नानींच्या आईची होती. हेही नंतर कळलं.

टाकी निघाली, उपडी केली, नट मोजले. वीस.

परत मोजले. वीस. चुंबक दोरीला बांधून आत सोडला, तर तो टाकीलाच चिकटला आणि तो सोडवण्यात संध्याकाळ गेली. कॅमेरा घातला, नट दिसेना. टाकी हलवली, आवाज येईना. नानांचं म्हणणं पडलं की कुठेतरी अस्तराचा गोळा राहिलाय आणि एकविसावा नट त्यात रुतून बसलाय.

त्या रात्री अंधाऱ्या खोलीत आम्ही टाकीच्या भोकातून एक छोटा एलईडी दिवा आत सोडला. उजव्या पोटाच्या तळाला तीन चांदण्या दिसल्या. स्वच्छ, टोकदार. इतकी वर्षं पेट्रोल धरून ठेवलं होतं ते लोखंडाने नव्हे, नानांच्या त्या आषाढी अस्तरानेच. नाना बराच वेळ चांदण्या बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे अस्तर चांगलंच लावलं होतं."

पनवेलला डाख देणारा मिळाला, पण पेट्रोलची टाकी म्हटल्यावर त्याने ती तीनदा धुवून, पाण्याने भरून आणायला सांगितली. त्याचं बरोबर होतं. आत पेट्रोलची वाफ उरली आणि ज्योत लावली तर टाकीचा बाँब होतो. नानांनी त्याला घाबरट ठरवलं आणि दुसरा शोधण्यात आठवडा घालवला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. मधे एकदा भाचा म्हणाला, पुण्यात नाना पेठेत टाकी मिळते. नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कॅमेरा परत मागायचं धाडस अजून केलेलं नाही.

एवढ्यात २५ सप्टेंबर आला. १९३० साली या दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आमची माणसं गेली. चिरनेर तेव्हा पनवेल तालुक्यात होतं, आता उरणमध्ये आहे. तारीख तीच राहिली. त्या दिवशी हुतात्मा स्मारकाला मानवंदना असते, आसपासच्या गावांची माणसं येतात आणि नाना येझदीवरून येतात. घरापासून चालत पाच मिनिटं. पण गेली तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हे चुकवलेलं नाही, आणि या एका बाबतीत मी त्यांची थट्टा करत नाही.

टाकी नसलेल्या गाडीला मेकॅनिक लोक सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगतात आणि नळी थेट कार्ब्युरेटरला देतात. नानांनी तेच केलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल पेगच्या मापाने घातलं. बाटली टांगायला उंच जागा नव्हती, म्हणून मागे नानी बसल्या, नऊवारी सावरून, एक हात नानांच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात बाटली वर धरलेली. गावातून ती वरात गेली तेव्हा दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर सुटत होता. ओट्यावरची एक म्हातारी घाबरून उठली. "अगो, पेशंट कोन हाय?"

"हेच विचारतेय मी पन्नास वर्षं," नानी बाटली न हलवता म्हणाल्या.

स्मारकाच्या अलीकडे नानांनी गाडी बंद केली आणि हाताने ढकलत आत नेली. मानवंदनेच्या वेळी आवाज नको म्हणून. टोपी काढून उभे राहिले.

डाख देऊन झाला आहे. नव्या लायनरचे दोन डबे कपाटावर आहेत आणि यावेळी सूचना मी वाचायच्या, असं ठरलं आहे. पण एकविसावा नट सापडल्याशिवाय नवं अस्तर लावायचं नाही, कारण नट आत राहिला तर त्याच्यावरच अस्तर बसेल. त्यामुळे नाना पुन्हा पहिल्यापासून रिमूव्हर घालून बसले आहेत, सकाळी आठ ते दिवेलागण, पडवीत.

नट परवा नानींना चिंचेच्या बरणीत सापडला. त्यांनी तो धुवून, पुसून, हळदीच्या डब्यामागे ठेवला आहे. मला म्हणाल्या, "मास्तर, दिवाळीचा फराळ होईस्तोवर तोंड उघडायचं नाय. माणूस स्वयंपाकघरात येत नाय, बरं चाललंय."