एक्स्ट्रा मिरची

निवृत्त झाल्यावर लोक बाग लावतात, मी लॅटिन लावून घेतलं. रद्दीवाल्याकडे किलोच्या भावानं एक जुनं व्याकरण मिळालं, एवढंच कारण.

पहिला आठवडा क्रियाविशेषणांत गेला. लाँगुस म्हणजे लांब. शेपूट छाटून 'ए' लावा, झालं लाँगे, दूरवर. फोर्तिस म्हणजे शूर. त्याला मात्र 'इतेर' जोडायचं, फोर्तितेर, शूरपणे. आणि बोनुसचं 'बोने' होत नाही, बेने होतं. रोज लागणारा शब्द नियमातून निसटणारच. पण एकदा बेने झालं की कोणीही गावो, बेनेच. आपल्याकडे भाऊ चांगला गातो, बहीण चांगली गाते; क्रियाविशेषणालाही माणूस बघून कपडे बदलावे लागतात.

हे बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "खामगावात कोणासंग बोलसान हे?"

चिडून बाहेर पडलो. कोर्टासमोर झेरॉक्सवाला एका पोराला विचारत होता, "बोनाफाईडच्या किती कॉप्या?" बोना फिदे, म्हणजे 'सद्भावनेनं'. सद्भावनेच्या तीन कॉप्या निघाल्या. शेजारी वकील मित्र पक्षकाराला समजावत होता, "आपण अलिबी घेऊ." अलिबी म्हणजे लॅटिनात नुसतं 'दुसरीकडे'.

चांदीच्या बाजारात भाचीसाठी जोडवी घेतली. पावतीवर 'आयटम १, आयटम २'. इतेम म्हणजे 'तसंच'. जुन्या याद्यांत पुढच्या नोंदीआधी 'तसंच अमुक' लिहायचे. होता होता नोंदीलाच आयटम म्हणू लागले. म्हणजे मी जोडवी आणि 'तसंच' घेऊन निघालो होतो. (आयटम साँगचा अर्थ लावायचा मोह आवरला.)

मग कचोरीची गाडी दिसली. डॉक्टरांनी बंद केलेली, म्हणून एकच घेतली.

"काका, एक्स्ट्रा मिरची?"

एक्स्त्रा म्हणजे 'बाहेर'. आणि तळलेली मिरची खरोखरच कचोरीच्या बाहेर, कागदावर ठेवलेली! आठवडाभर मी घोकलं ते या माणसाला उपजतच येत होतं. आदरापोटी दुसरीही कचोरी घेतली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली.

"कोठी होते इतका वेळ?"

"अलिबी."

"म्हंजे?"

"दुसरीकडे."

तिनं जवळ येऊन वास घेतला. "तोंडाले मिरचीचा वास येऊन राह्यला. किती खाल्ल्या?"

"एक," म्हणालो, आणि आवाज खाली नेऊन, "इतेम, एक."